शेवटी बोट येते

२८ मे
मेरेते ओडेन्सला बहिणीकडे जाऊन अकरा आठवडे झाले. थोडे दिवस म्हणाली होती. 'थोडे' हा लवचीक शब्द आहे. १४ जूनला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं, तोवर येईलच. संकल्प: घरच्या चित्रणातून तिच्यासाठी सिनेमा जोडायचा. बेटाच्या साप्ताहिकात वीस वर्षं सिनेमावर लिहितोय, एकदा करूनही दाखवावा.

२ जून
काळाच्या क्रमाने लावला. भिकार. शेवटी मार्चमधली बोट सुटते. मेरेते कठड्याशी, दोन मोठ्या बॅगा. आता तरी कॅमेरा खाली ठेव, म्हणत होती. थंडी फार होती, म्हणून चिडली असेल.

३ जून, सकाळी
सापडलं! क्रम मोडायचा. जाणारी बोट पहिली. मग लग्न, नाताळ, बागेतलं भांडण, आणि अगदी शेवटी सत्तावीस वर्षांपूर्वीची बोट: मेरेते पहिल्यांदा बेटावर येते, टोपी उडते. विद्यापीठात संस्कृत शिकलो, त्यातलं एवढंच उरलंय की विरहाचा शेवट मीलनात हवा. विरह आधीच उरकून टाकायचा. तिला बरोबर कळेल.

६ जून
अडचण. नाताळच्या झाडाभोवती फेर धरून गाताना मेरेते मध्येच दाराकडे बघते. इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. बोट आधी पाहिली की दिसतं. चारदा पाहिलं. दाराशी कुत्रं असेल. आमच्याकडे कुत्रं नव्हतं. शेजारचं असेल.

९ जून
लग्नाच्या पंचविशीला इथे शेजारी जे करतात, त्याची शेजारी आक्सेलला आठवण करून दिली: आदल्या संध्याकाळी दाराला हिरव्या फांद्यांची कमान, सकाळी सातला सगळ्यांनी दारात गाणं, मग आमच्याकडे न्याहारी. वीस जणांचे पाव सांगितलेत म्हटलं. अरे प्रेबेन, एवढे कोण खाणार रे, म्हणाला. फांद्यांचं विचारलं तर बुटांकडे बघत म्हणाला, बघू. आळशी माणूस.

१२ जून
मेरेते आली! दुपारच्या बोटीने. सिनेमा दाखवला. पहिल्या मिनिटापासून रडली; लग्नाच्या केकलासुद्धा. क्रम मोडला की भावना खोल जाते, हे मी कधीपासून लिहितोय. शेवटी माझा हात धरून म्हणाली, जाण्यापासून सुरुवात केलीस, बरं केलंस. मला वाटायचं, मी गेलेय हे तुला कळलंच नाही.
पाचच्या बोटीने गेली. हात हलवला. कॅमेरा नेला नव्हता.

१४ जून, सकाळी ७
कमान नाही. गाणं नाही. आक्सेल एकटाच, हातात लोण्याचा डबा. मेरेतेने मार्चमध्येच गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं. मलाही धक्क्यावर सांगितलं होतं म्हणे. चित्रणात त्या जागी नुसता वारा ऐकू येतो.
पाव काय फेकायचेत, म्हणाला, लाव तुझा सिनेमा. चष्मा घरी विसरलेला. पडद्याला नाक लावून, पाव खात बघत होता. शेवटी बोट धक्क्याला लागली, टोपी उडाली. आक्सेलने पाव खाली ठेवला, डोळे पुसले, माझ्या पाठीत धपाटा घातला. अरे गाढवा, आली की रे ती परत! सांगायचं नाही होय?
नाही, म्हटलं. ही पहिली बोट.