मंगळवारचं पाणी

प्रिय जागृती,

विहिरीतला तुझा मंगळवार तू शनिवारी गोविंदाकाकाला कायमचा लिहून देणार, हे मला टँकरच्या ड्रायव्हरकडून कळलं. तुझ्याकडून नाही. फोन करणार होतो. पण फोनवर मी ओरडतो आणि तू ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. काय ओरडायचंय ते यात ओरडून घेतो.

तुझा काका माझ्या किती डोक्यात जातो ते तुला माहितीये. विहिरीच्या कठड्याशी खुर्ची टाकून बसतो, गळ्यात ती बोटाएवढी चेन, आणि आभाळाकडे असा बघतो जसं ढग त्याचं काही खाऊन पळालेत. कोलशेतला तुमची शेतं होती तेव्हा भावाभावांनी या विहिरीचे वार वाटून घेतले, वालाला आणि मिरचीला पाणी द्यायला. आता त्या शेतात टॉवर उभे आहेत आणि वार टँकरला भाड्याने जातात. डिसेंबरात तेच वार कुणी चहावरसुद्धा घेत नाही. मार्चमध्ये नळाचा जोर कमी झाला की टॉवरवाल्यांचे 'काका, प्लीज' सुरू होतात. मग दर आठवड्याला भाव चढतो, आणि तुझ्या काकाच्या तोंडावर नवऱ्या मुलासारखं तेज येतं.

टॉवरवालेही तसलेच. गेटवर पाणी वाचवायचा बोर्ड आणि बोर्डाखाली गाडी धुणं चालू. सेक्रेटरी पावसाळ्यात भाजीवाल्यासारखा घासाघीस करतो, मे महिन्यात मागाल ते देतो आणि वर टँकरच्या पोरांना चोर म्हणतो. मी कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून वर्तकनगरात आमची आई खाली मान घालून फिरते. शिकून हे असलं व्हायचं असेल तर सोडलं ते बरंच केलं.

तुझ्या मंगळवारावर सगळ्यांचा डोळा का, हे तुला मी सांगायला नको. सोमवार देवाचा, त्या दिवशी कुणी मोटर लावत नाही. दोन रात्री पाणी चढतं आणि मंगळवारी विहीर वरच्या पायरीपर्यंत येते. गुरुवार उजाडला की मोटर चिखल ओढायला लागते. गेल्या मेमध्ये काकाने कांताकाकींना गोडीत घेतलं, एका मंगळवारच्या बदल्यात दोन गुरुवार देतो म्हणाला. तुझी आई बिचारी खूश, एकाचे दोन झाले. दोन्ही गुरुवारी गढूळ टँकर सोसायटीने परत पाठवला, तेव्हा हा माणूस सगळ्या भाऊबंदांसमोर हसला. "वयनी, तू वार मोजलंस, पानी नाय मोजलंस!" मी टँकर भरायचं काम टाकून, हातातला पाइप तिथेच फेकून निघून गेलेलो. परत आलो, कारण मंगळवारी तू डोंबिवलीहून येतेस. दुसरं कुठलंच कारण नव्हतं. आता तरी कळू दे.

बाकीचे सगळे वार त्याने असेच एकेक करून गिळलेत. तुझा एकच उरलाय. तुझा पहिला टँकर वागळे इस्टेटच्या मागच्या चाळीत अजून हिवाळ्याच्या भावाने जातो. रंगूबाई ड्रम लावून उभी असते आणि मला बघून ओरडते, "आला गं जागृतीचा माणूस!" मी लाजतो, आणि ती मुद्दाम आणखी मोठ्याने ओरडते. मंगळवार काकाकडे गेला की त्या चाळीला काय मिळणार? टॉवरला मिळतो तोच भाव. परवडला तर घ्या.

हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मग सही का, तेच माझ्या डोक्यात बसत नव्हतं. तू पैशाला भुलणारी नाहीस, काकाला घाबरणारी तर अजिबात नाहीस. काल त्यानेच मला खुर्चीजवळ बोलावलं. "पोर पायजे ना तुला? मंग गप रव. शनवारी सई झाली का साखरपुड्याचं बोलू." एक क्षण मला आनंद झाला गं, आणि त्या आनंदाचीच सगळ्यात जास्त किळस आली. म्हणजे सौदा हा आहे, तुझा मंगळवार देऊन त्याबदल्यात मी. तेही मे महिन्यात, जेव्हा तुझं पाणी सगळ्यात महाग असतं. मला त्याची परवानगी नको. आपण दोघं सज्ञान आहोत. सही करायचीच असेल तर माझ्यासोबत कर, लग्नाच्या नोंदणीच्या अर्जावर, काकाला न विचारता. शनिवारी मी निबंधक कार्यालयाच्या दारात उभा असेन. तू काकाबरोबर आत गेलीस तर मी तुझ्याशी लग्न करणार नाही. आयुष्यभर रडेन, पण करणार नाही.

काहीही न देता मिळणारा, तुझाच,
प्रफुल्ल