बडीची बायको

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून फिटनेस. म्हणजे निर्णय आजपासून, चालणं परवापासून. उद्या धुणं आहे, आणि न धुतलेला ट्रॅकसूट घालून बाहेर पडणं फौजीच्या बायकोला शोभत नाही.

ही वही एस. वाय.ला अर्थशास्त्रासाठी घेतली होती. चार पानं भरली आणि लग्न झालं. लोक म्हणतात कॉलेज सोडलं. सोडलेलं नाही. थांबवलंय.

ध्येय: दिवाळीला कानिफ सुट्टीवर आला की पहाटे गावाकडे, तिसगावच्या रस्त्यावर त्याच्या बरोबरीनं धावायचं. भरतीच्या तयारीला तो याच रस्त्यानं धावायचा आणि मी शेळ्यांना पाला टाकायच्या निमित्तानं रोज बांधावर उभी असायचे. धावणारा माणूस बघून प्रेमात पडले. तो धावत माझ्याकडे येत नव्हता, पुढे निघून जात होता, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आता तो बॉर्डरवर आणि मी भिंगारला भाड्याच्या खोलीत, ओमला कडेवर घेऊन.

संध्याकाळी त्याचा फोन. मला वाटलं आठवण आली. तर काम निघालं. त्याचा बडी आहे बिभीषण. फौजेत प्रत्येकाला असा एक बडी जोडून देतात. ड्यूटी एकत्र, जेवण एकत्र, एकाच्या बुटाची लेस सुटली तर बोलणी दुसऱ्याला. सुट्टी तेवढी एकत्र मिळत नाही, एक घरी आला की दुसरा तिकडे थांबतो. तर या बिभीषणची बायको सविता काष्टीहून मुलीच्या शाळेसाठी इथे मागच्या गल्लीत आलीय. एकटी पडलीय, घराबाहेर पडत नाही. तिला रोज चालायला ने म्हणाला. पण मी सांगितलंय हे कळू देऊ नको, तिला वाईट वाटेल. सहज गेल्यासारखी जा.

चला. माझ्यामुळे एका बाईचं भलं होणार असेल तर हरकत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

गेले. ट्रॅकसूटला इस्त्री केली होती. सविता वहिनी दारातच उभ्या, पायात बूट. मी म्हटलं, सहज आले होते. त्या म्हणाल्या, मीपण सहजच निघाले होते. काय योगायोग असतात एकेक.

बाई फार भरभर चालतात. एकटेपणामुळे असणार. त्यांना दम खाता यावा म्हणून मी दर वळणावर थांबत होते. कोपऱ्यावरच्या गाड्यावर भजी तळत होती. त्यांना एकटीला खायला संकोच वाटू नये म्हणून मी एक प्लेट घेतली. त्यांनी खाल्ली नाहीत. मग सगळी मलाच संपवावी लागली.

६ सप्टेंबर, शनिवार

दोन दिवस खाडा. गुरुवारी ओमला सर्दी. काल ओमला बरं होतं, पण होईल असं वाटत होतं.

छबूबाई म्हणजे आमच्या घरमालकीण. दिवसभर जिन्याखाली बसून गहू निवडतात आणि माणसंपण. आज मी दूध घेऊन वर चढत होते तर म्हणाल्या, फौजीची बायको ना गं तू, मग जिन्यातच पंक्चर कशी होतीस. उत्तर तोंडावर होतं. दम नव्हता.

सविता वहिनी घरी बोलवायला आल्या. त्यांना माझी सवय लागत चाललीय.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आता वहिनी नाही, सविताताई म्हणते.

आज चालणं कमी, बोलणं जास्त. बाकावर बसून तिला सगळं सांगितलं. बांधावरच्या शेळ्या, पळून जाईन अशी घरी दिलेली धमकी, वडिलांचं तीन दिवस न जेवणं, सगळं. तिनं मध्ये एकदाही सल्ला दिला नाही. मग तिनं सांगितलं की दिवेलागणीला ती मुलीला, संस्कृतीला, मुद्दाम मोठ्यानं पाढे म्हणायला लावते, म्हणजे घरात आवाज राहतो. मी म्हटलं, मी टीव्ही लावते, बघत नाही. ती म्हणाली, म्हाईत हाय, खाली आमच्या गल्लीत ऐकू येतो.

कॉलेज थांबवल्यापासून मला मैत्रीण नव्हती. आज घरी येताना ओम जड लागला नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

चार दिवस कानिफचा फोन नाही. त्याला ब्लॉक केलं. कळू दे, कुणाशी गाठ आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

ब्लॉक काढला. संध्याकाळी त्याचा फोन आला. तिकडे इतके दिवस नेटवर्कच नव्हतं म्हणे. मी ब्लॉक केलं होतं हे त्याला कळलंच नाही. म्हणजे माझा राग पूर्ण फुकट.

सुट्टीचं विचारलं. म्हणाला, बघू. फौजेत बघू म्हणजे हो.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. नऊ दिवस उपवास, म्हणजे डाएट आपोआप. साबुदाणा खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू. अन्नाचा कण नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

औषधांच्या दुकानातला वजनकाटा बिघडलाय. दुकानदाराला तसं सांगितलं. तो म्हणाला, ताई, सकाळपासून बाकी कुणाची तक्रार नाही. त्या दुकानात परत जाणार नाही.

सविताताई म्हणते, वजनाचं सोड, कालच्यापेक्षा आज एक खांब पुढं चालायचं. विजेचे खांब मोजत मला पुढे ओढते. मी तिच्या आनंदासाठी जाते.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

सविताताईला सोनं द्यायला गेले. ओमला तिच्या अंगणात संस्कृतीजवळ सोडलं. आत ती पुऱ्या लाटत होती, हात पिठाचे, फोन फळीवर स्पीकरवर. दारातच ऐकू आलं. बिभीषण विचारत होता, "आज चालवली का कानिफची बायको? हा हितंच उभा हाय, विचारतोय."

चालवली. म्हैस चालवतात. ट्रॅक्टर चालवतात.

आणि मागून माझ्या नवऱ्याचा आवाज. ओळखीचा, लाडका, फितूर. "वहिनी, जरा जोरात चालवा, दर वळणाला थांबती ती."

सविता वळली, मला बघितलं, लाटणं हातातच. मी आपट्याची पानं कट्ट्यावर ठेवली. फेकणार होते, पण सण होता. तडक घरी आले.

ओमला तिथंच विसरले. परत जावं लागलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

विचार करून डोकं फुटायची वेळ आली. म्हणजे पहिल्या दिवशी दारात बूट घालून उभी होती ते सहज नव्हतं. कानिफनं बिभीषणला सांगितलं, बिभीषणनं हिला. काय, तर धनश्री, म्हणजे मी, फोनवर रडते, तिला बाहेर काढा. माझी मैत्री ऑर्डरवर आली होती. आणि मी शेळ्यांपासून सगळं सांगून बसले.

ती दुपारी आली होती. दार उघडलं नाही. जाळीतूनच ऐकलं. "आगं, पयल्या दिवशी सांगितलं म्हनून आले. नंतर काय रोज फोन येत हुता का मला, जा म्हनून?" मी म्हटलं, काल तर आला होता.

ज्या खरंच मैत्रीण म्हणून येतात त्या आधी सांगतात, मला कुणी पाठवलंय. लपवत नाहीत. माझ्या तर स्वभावातच लपवाछपवी नाही.

कानिफला फोनवर झापलं. तो हसला. हसताना लाईन गेली. लाईन गेली की त्यानं घालवली, याचाही तपास केला पाहिजे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

एकटी चालते आता. रस्त्याच्या डाव्या बाजूनं मी, उजव्या बाजूनं ती बाई. एकमेकींकडे बघत नाही. ती पुढे गेली की मी जोर लावते, मी पुढे गेले की ती. आज दोघी थेट नाक्याच्याही पुढे गेलो. इतकं मी आयुष्यात चालले नव्हते. वळणावर थांबायचं सुचलंच नाही.

भजीवाला दोन्ही बाजूंना आळीपाळीनं बघत होता.

संध्याकाळी खूप वेळ टीव्ही चालू होता. मग मुद्दाम बंद केला. खालून ऐकणारं कुणी नसावं म्हणून. घर एकदम मोठं झालं.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीला कानिफ येत नाही.

बिभीषण येतोय. सुट्टी एकालाच होती आणि माझ्या नवऱ्यानं ती बडीला देऊन टाकली. मला न विचारता. मी ट्रॅकसूट घेतला, उपास केले, नाक्यापर्यंत चालले, कुणासाठी? विचारलं तर म्हणाला, "गेल्या दिवाळीला ओमचं जावळ हुतं, तवा तो थांबला हुता माझ्यासाठी. लगेच कसं इसरलीस?"

विसरले नाही. पण ती गोष्ट वेगळी. तेव्हा ओमचं जावळ होतं.

म्हणजे सविताच्या घरी कंदील लागणार आणि माझ्या घरी मी. नवरा फितूर, मैत्रीण फितूर, वजनकाटासुद्धा फितूर. कानिफला पुन्हा ब्लॉक केलं. या वेळी तिकडे नेटवर्क आहे याची आधी खात्री करून घेतली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज चालायला गेले नाही. उजव्या बाजूनं ती गेली. आमच्या खिडकीखाली थांबली, बुटाची लेस बांधली. तिच्या बुटाला लेस नाही, पट्टा आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

बिभीषण आला. तसाच बॅगेसकट आधी आमच्याकडे. उंच, लाजाळू, डोळे वर करत नाही. कानिफनं अक्रोड पाठवले, ओमला लोकरी टोपी, आणि माझ्यासाठी काय, तर हा बिभीषण. सरळ उभा राहून म्हणाला, "वहिनी, कानिफनं जबाबदारी दिलीय. उद्यापासून पहाटं मैदानावर. मी शिट्टी आणलीय."

खालून छबूबाई म्हणाल्या, आता कसं बेस झालं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

सणाच्या दिवशीसुद्धा शिट्टी. कालपासून आम्हा दोघींना मैदानावर पळवतोय. सविताला वाटलं होतं नवरा सुट्टीवर आला म्हणजे निवांत झोपायचं. तिचं तोंड बघून मला फार बरं वाटलं. मग वळणावर तिच्याच्यानं पळवेना, तेव्हा तेवढं बरं वाटेना. मी थांबले. ती थांबली म्हणून नव्हे. माझीपण लेस सुटली होती.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

पहाटे उटणं लावून अंघोळ, वर पुन्हा मैदान. बिभीषणनं पळा म्हटलं आणि स्वतः सगळ्यांच्या पुढे, मागे न बघता. धावणारे पुरुष मागे बघत नाहीत, हे मला बांधावरूनच माहीत होतं.

झाडाआड सवितानं माझा दंड धरला. म्हणाली, चल. बिभीषण वळसा घालून येईपर्यंत आम्ही कोपऱ्यावरच्या गाड्यामागे, गरम भज्यांसमोर. या वेळी तिनंही खाल्ली. माझ्याहून जास्त.

खाता खाता मी म्हटलं, मला सगळं आठवतंय, विसरले नाही. ती म्हणाली, "इसरू नको. पर कानिफ भावजींनी तुलाबी माझ्यावर सोडलं हुतं ना?"

मी विचारलं, कुणी सांगितलं. म्हणाली, कुणी कशाला सांगायला पाहिजे, सहज येणारी बाई ट्रॅकसूटला इस्त्री करून येती व्हय.

म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं. पन्नास दिवस गप्प. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, बोलले असते तर तू आली असतीस का परत. तिकडे मैदानावर शिट्टी वाजत होती. एकदा, दोनदा, मग जरा काळजीच्या सुरात.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कानिफ. माझा बंद लागतोय म्हणून तिला लावला होता. म्हणाला, आज पाडवा हाय, धनश्री कशी हाय, पळती का. सवितानं तोंडातला घास गिळला, माझ्याकडं बघितलं आणि अगदी सरळ आवाजात सांगितलं, "पळतीय भावजी. थांबतच न्हाई. लई बारीक झाली."

नवऱ्याशी माझ्यासाठी इतकं स्वच्छ खोटं आजवर कुणी बोललं नव्हतं.

ब्लॉक काढला. संध्याकाळी त्याला फोनवरच ओवाळलं. निरांजन फिरवताना चित्र अडकलं, तोंडाऐवजी नुसती हनुवटी दिसत होती. हनुवटीला ओवाळलं. तो म्हणाला, ऐकलं, रोज पळतेस म्हणे, लई भारी वाटलं. मी म्हटलं, हो, सवयच लागलीय.

सविता खाली संस्कृतीला घेऊन उभी होती, फराळाचं ताट घेऊन. वर ये म्हटलं.

खोटं ती बोलली, बिभीषणनं लपवलं, कानिफनं सगळं घडवून आणलं. तिघंही सारखेच फितूर. मीही नवऱ्याला पळते म्हणून सांगितलं, पण माझी गोष्ट वेगळी आहे.