शेवंतीची पापणी

अहो,

शेवंतीला ऊन लागलेलं नाही. चार दिवस तुम्ही देवबागेतून फोनवर एकच सांगताय, "ऊन लागला आसतला, कोकमाचा पाणी दी." आज घोडीला काळ्या चहासारखी लघवी झाली, तेव्हा मीच कट्टा गावाहून गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी रक्त नेऊन तपासलं. गोचिडींनी तिच्या रक्तात जंतू सोडलेत. आयाळीखाली अजून असतील, बघा. काढता काढता मला घेरी आली म्हणून राहिल्या.

पहिलं इंजेक्शन झालं. दुसरं द्यायला डॉक्टर उद्या दहाला येतील, देवबागेला बोटीवर कामाला जाऊ नका. इंजेक्शननंतर तिच्या पोटात कळ येते, लाळ गळते, ती पाय आपटते. घाबरू नका. तासभर मानेवर हात ठेवून नुसते उभे राहा, तेवढं तिला पुरतं. आणि बरी दिसली तरी डॉक्टर सांगेपर्यंत तिच्यावर पर्यटक बसवायचे नाहीत.

डॉक्टरांनी तिची पापणी ओढून मला दाखवली. आतून पांढरीफटक. मग माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, आता तुमची दाखवा." दाखवली. "आजच्या आज माणसांच्या डॉक्टरकडे जा," म्हणाले. म्हणून मालवणला जातेय. दवाखान्यात ठेवून घेतलं तर राहीन.

रात्री घरी याल म्हणून पेज झाकून ठेवलीय. शेवंतीने गवताला तोंड लावलं की फोन करा. तिचंच सांगायला केलात तरी चालेल.

किशोरी