साधी, मधली आणि वरची

दि. ९ नोव्हेंबर, दुपार

चि. छोट्यास,

आशीर्वाद. चार वर्षांत पत्र पाठवलं नाही म्हणून आशीर्वाद मागे घेतले असं समजू नकोस. पडून होते, आज पाठवतो आहे. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या वहिनीच्या चष्म्याचा नंबर वाढला. माझा हेकटपणा होता तेवढाच आहे, हे तिनेच लिहायला सांगितलं.

फोन का केला नाही असं विचारशील. फोनवर तू मध्येमध्ये "हो दादा, कळलं दादा" करतोस आणि तुला काहीही कळलेलं नसतं. कागद निदान मध्ये बोलत नाही.

तुझं पाकीट मिळालं. नव्या गाडीचं गुळगुळीत पुस्तक, त्यातला शेवटच्या पानावरचा तक्ता, आणि तक्त्यात सगळ्यात वरच्या मॉडेलवर तू पेन्सिलीने केलेली खूण. सोबत चिठ्ठी: "दादा, कंपनीतल्या लोकांच्या घरच्यांसाठी काही गाड्या राखीव असतात. एक तुझ्या नावावर टाकतो. वरचीच घे, फार विचार करू नकोस."

फार विचार करू नकोस! बावीस वर्षं एकच गाडी स्वतःच्या हाताने उघडून स्वतःच्या हाताने परत जोडणाऱ्या माणसाला हे सांगतोस. मी विचार केला. तक्त्यावर पट्टी ठेवून ओळ न ओळ वाचली आणि मग शोरूमला गेलो. तिथे एक टायवाला होता, वय असेल तिशीचं. मी साधी गाडी दाखवा म्हटलं.

"काका, साधी कोणी घेत नाही. जाहिरातीत आकडा कमी दिसावा म्हणून असते ती."

"मग ती चालवतं कोण?"

"कोणीच नाही."

"बरं झालं. पहिला मान माझा."

टॉर्च घेऊन मी गाडीखाली शिरलो तर हा ओरडला, "अहो काका, कपडे!" मी म्हटलं, "कपडे माझे, गाडी तुमची. काळजी कशाची करायची ते एकदा ठरवा." त्यानंतर त्याने मला चहा दिला आणि लांब जाऊन उभा राहिला.

आता मी खालून काय पाहिलं ते ऐक. साध्या गाडीला सोळा इंची पोलादी चाकं आहेत. खड्ड्यात वाकली तर हातोडीने सरळ करता येतात. वरचीला अठरा इंची, चकचकीत, मिश्रधातूची. ती वाकत नाहीत, तडकतात, आणि तडकली की शोभेला भिंतीवर टांगायची. वरचीला दारांखाली पायऱ्या आहेत, चढायला. चांगली गोष्ट, पण मी टेप लावला. पायरीमुळे जमिनीपासूनची उंची सव्वातीन इंचांनी कमी होते. म्हणजे ज्या दगडावरून साधी जाईल, त्यावर वरची पोट टेकून बसेल. आणि छताला काच! त्या काचेसाठी छत आतून खाली घेतलंय. माझं डोकं आणि छत यांच्यात तीन बोटं उरतात. खाणीच्या रस्त्यावर तीन बोटं किती वेळ टिकतील?

हे सगळं मी समजून घेतलं. श्रीमंतांची हौस. पण एक गोष्ट मला तीन दिवस पचलेली नाही. तुला माहीत आहे, नसेल तर आठव, मागच्या ॲक्सलला लॉक असतं. एक चाक चिखलात गरगरत राहिलं तरी लॉक लावलं की दुसरं चाक ओढतं आणि गाडी निघते. डोंगरावर जाणाऱ्याचा जीव त्या लॉकवर असतो. तुमच्या साध्या गाडीत लॉक आहे, पण ती क्लचची. मधली ऑटोमॅटिक आहे, क्लच नाही, पण तिला लॉक नाही. दोन्ही पाहिजे असेल तर थेट वरची, काचेच्या छतासकट.

मला सांग, ज्याला क्लच नको त्याला चिखलही नको, हे कोणी ठरवलं? तुझ्याच टेबलावर ठरलं असणार. कोणत्या गाडीला काय द्यायचं आणि काय काढून घ्यायचं, हेच तर तुझ्या खात्याचं काम. मधल्या गाडीत ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला, लॉकच्या बटणाच्या जागी, एक कोरं बटण बसवलंय. दाबून पाहिलं. दाबलं जात नाही. रोज त्या माणसाला आठवण करून द्यायची की तू एक पायरी खाली आहेस. हे सुचलं कोणाला?

तू म्हणशील दादा चिडलाय. चिडलोच आहे. तुझ्या नव्या घरी पंधरा माणसांसमोर तू माझी ओळख करून दिलीस ती मी विसरलेलो नाही. "आमचा दादा म्हणजे बेस मॉडेल. चालतो दणकट, सोयीसुविधा काही नाहीत." सगळे हसले. मीही हसलो, कारण तुझ्या घरात होतो. मी नववीत शाळा सोडली ती गंमत म्हणून नाही. इंजिनाची जुनी माहितीपुस्तकं मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली, एकेका पानाला दोन-दोन दिवस. तुझ्या कॉलेजातल्या एका तरी गुरुजीने गिअरबॉक्स डोळे मिटून जोडला असेल तर त्याचा पत्ता कळव, मी त्याला भेटून येईन.

तर माझी मागणी लिहून घे. मधली गाडी द्या, आणि तिच्यात लॉक बसवून द्या. हे माझ्यासाठी नाही, तत्त्वाची गोष्ट आहे.

जुनी गाडी आता उभी आहे. बारा सप्टेंबरला सिस्टरांना आणि लशींची पेटी घेऊन वरच्या वस्तीवर निघालो होतो. दवाखान्याची ती फेरी गेली अकरा वर्षं माझ्याकडेच आहे. खाणीच्या चढावर क्लचची केबल तुटली, गाडी मागे आली, मागचा ॲक्सल दगडावर आपटून वाकला. त्याच्या आठवडाभर आधीच वेल्डरने ती केबल बसवली होती. असो. सिस्टरांच्या कपाळाला दोन टाके पडले, आता बऱ्या आहेत.

उत्तर पाठव. टाईप करून नको, हाताने.

तुझा,
दादा


दि. २७ नोव्हेंबर

चि. छोट्या,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं. अक्षर अजूनही कोंबडीचे पाय. त्या ओळखीच्या विनोदाबद्दल तू माफी मागितलीस, ती पोचली. आता तो विषय तू काढायचा नाहीस, मीही काढणार नाही.

तक्त्याबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास: मधल्या गाडीत लॉक बसवून देता येत नाही, कारखान्यात तशी जोडणीच नाही, आणि बाहेरून बसवलं तर दवाखान्याच्या करारात ती गाडी चालणार नाही. बाकीचं सगळं पत्र एकाच प्रश्नाभोवती फिरतंय. "दादा, ऑटोमॅटिक चालवणाऱ्यांना तू आयुष्यभर लंगडे म्हणत आलास. तुला क्लच कधीपासून नकोसा झाला? पाय कसा आहे?"

हुशार आहेस. वळणावर आरशात बघायला तुला मीच शिकवलं होतं, त्याची फळं भोगतो आहे.

पाय डावा. गुडघ्याखाली बधिर. दीड वर्षापासून. कमरेतली एक नस दबली आहे. चालता येतं, उभं राहता येतं, पण चप्पल पायात आहे की नाही हे मला खाली बघितल्याशिवाय कळत नाही. तुझ्या वहिनीला वाटायचं मी चपला हरवतो. मला वाटायचं, पेडल जाणवत नसलं म्हणून काय झालं, हाताने डोळे मिटून गिअरबॉक्स जोडणारा मी, पायाने क्लच अंदाजाने दाबेन. दीड वर्ष दाबला. लोकांना कळलं नाही, आणि याचा मला अभिमान होता. खोटं कशाला लिहू, होता.

बारा सप्टेंबरला काय झालं ते आता लिहितो. चढावर मी गिअर बदलायला क्लच दाबला आणि पाय वर आलाच नाही. मी उचलतोय, तो तिथेच. मला वाटलं उचलला. इंजिन ओरडतंय आणि गाडी मागे जातेय. ब्रेक मारला तर खडीवर चाकं घसरली. चौदा फूट. मी नंतर मोजले. मागे दगड होता म्हणून थांबलो. त्या दगडाच्या पलीकडे काय आहे ते तू लहानपणी पाहिलं आहेस.

केबल तुटली नव्हती.

सिस्टर कपाळाला रुमाल लावून रस्त्याकडेला बसल्या होत्या. मी गाडीखाली शिरलो आणि पक्कडीने केबल कापली. नुसती कापली नाही. एकेक तार वेगवेगळ्या लांबीवर कापली, तुटल्यासारखी दिसावी म्हणून. सात मिनिटं लागली. माझ्या हातून नेटकेपणाने झालेलं ते सगळ्यात हलकट काम.

वेल्डर म्हणजे आपल्या पेट्रोलपंपामागचा, जाड भिवयांचा. तू त्याला विसरला नसशील, तुझी पहिली सायकल त्यानेच जोडली होती. तीस वर्षांची दोस्ती. त्याने कोणाशी वाद घातला नाही. "बसवली मीच होती," म्हणाला. दवाखान्याने त्याच्याकडचं खाटांचं आणि फाटकाचं काम काढून घेतलं. त्याने गाड्यांना हात लावणं सोडलं. खिडक्यांच्या जाळ्या करत बसला. मी रोज त्याच्या दुकानावरून जायचो आणि हात करायचो. तोही हात करायचा.

तुझं पत्र एकवीस तारखेला आलं. बावीसला मी त्याच्याकडे गेलो. तो जाळी जोडत होता. मी म्हटलं, "केबल तुटली नव्हती. मी कापली."

त्याने टाका पुरा केला, मग तोंडावरची ढाल वर केली. "किती दिवस झाले?"

"एक्काहत्तर."

"मोजत होतास?"

"हो."

"ताणून तुटलेली तार टोकाला निमुळती होते," तो म्हणाला. "ह्या सगळ्या चपट्या होत्या. पक्कडीच्या. मी त्याच दिवशी बघितल्या."

"मग बोलला का नाहीस?"

"तू असं करशील, यापेक्षा माझी केबल खराब निघाली हे पटवून घ्यायला सोपं गेलं."

छोट्या, मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी शिव्या दिल्या आहेत. त्यांची परतफेड मी जागच्या जागी केली आहे. ही शिवी नव्हती, हिची परतफेड होत नाही. तो म्हणाला, "आता जा, मला काम आहे." मी गेलो, पण घरी नाही. सरळ दवाखान्यात.

तिथे कागदावर सगळं लिहून दिलं, पक्कडीसकट. डॉक्टरांनी दोनदा वाचलं. वेल्डरचं काम त्याच दिवशी परत लावतो म्हणाले, आणि लावलं. मग माझ्याकडे वळले. "तुमचं वय झालं, पायही गेला. आता ड्रायव्हिंग सोडा, बसून काहीतरी करा."

मी म्हटलं, "बसूनच चालवतो मी. उभ्याने कोण चालवतं?"

ते हसले नाहीत. सिस्टर हसल्या. त्यांना मी आधी हात जोडले होते, त्यांनी ते बाजूला सारले होते. म्हणाल्या, "चूक झाली ती पायाची. लबाडी केलीत ती तुमची. माझ्याकडे दोन्हीसाठी वेगळा हिशोब आहे." आणि मग, "पण ह्या रस्त्याचा दगड न् दगड तुमच्याएवढा कोणाला माहीत आहे? दुसरा ड्रायव्हर मागच्या महिन्यात अर्ध्यातून परत आला. मी चार तास पायी चढते आहे. मला तुमचा अभिमान नकोय, मला क्लच नसलेली आणि लॉक असलेली गाडी पाहिजे. आहे का?"

आहे. तुझ्या तक्त्यात तशी एकच आहे.

डॉक्टरांनी तीन अटी घातल्या. गाडी ऑटोमॅटिक, सगळं कारखान्यातून बसवलेलं, आणि माझी परीक्षा, शेजारी परीक्षक बसवून, त्याच चढावर. मी तिन्ही मान्य केल्या. परीक्षकाला म्हणावं, पोट रिकामं ठेवून ये. पायच जर परीक्षा असेल तर उजवा पाय धडधाकट आहे आणि त्या गाडीला तेवढाच लागतो. मी घरी बसणार नाही. जे दीड वर्ष चोरून केलं ते आता उघड करून दाखवेन. ज्याला मोजायचं त्याने मोजावं.

तर वरची पाठव. तुझ्या राखीव गाड्यांतूनच पाठव, कारण बाहेर पाच महिने थांबावं लागतंय आणि सिस्टरांना आणखी पाच महिने पायी चढवायला मी तयार नाही. उपकार म्हणून घेत नाही, घाई म्हणून घेतो. काचेचं छत असू दे, मी सीट खाली करून बसेन; दारांखालच्या पायऱ्या तेवढ्या उतरवून पाठव. अठरा इंची चाकं कंपनीकडूनच सोळाची बदलून मागतोय, ते तक्त्यातल्या तळटीपेत चालतं, आठव्या ओळीत. तुझ्याच खात्याने लिहिलंय, तूच वाचलं नसशील.

आणि तुझ्या लोकांना माझं एक सांग. पुढच्या वेळी तक्ता करताना, क्लच नको म्हणणारा माणूस गावातल्या गुळगुळीत रस्त्यावरचाच असेल असं धरू नका. त्याचा पाय गेलेला असेल आणि काम डोंगरावरचं असेल. तो माणूस तुमच्याकडे दया मागायला येत नाही. लॉक मागायला येतो.

वेल्डर अजून माझ्याशी बोलत नाही. काल हात केला, त्याने केला नाही. बरोबर आहे त्याचं. मी उद्या पुन्हा हात करेन.

तू पाठवलेला गाडीचा फॉर्म भरून सोबत जोडला आहे. "वाहन चालवणाऱ्यास काही शारीरिक अडचण" या ओळीसमोर मी शाईने "होय" लिहिलं आहे आणि खाली पायाचं सगळं सविस्तर. वाचून तुला वाटेल की हे नसतं लिहिलं तर काम लवकर होईल. तुझ्या पेनाने त्यात एक अक्षरही खोडायचं नाही. ते मी फार उशिरा लिहिलं आहे.

डावा पाय वगळता पूर्ण शाबूत,
तुझा थोरला भाऊ