तुझ्या नावाचा अर्थ मी पहाट सांगितला

आये, तू मला ओळखशील की नाही कोण जाणे. तुझ्या डोक्यात काही राहायचं कुठे? विळा हातात धरून घरभर विळा शोधायचीस, आणि सापडला नाही की शिव्या आम्हाला. म्हणून आधी ओळख देते. मी तुझी थोरली, दिघीच्या घरात चुलीपुढे बसून तव्यावरची भाकर पुरती भाजायच्या आत तोडून खायची, ती. आता भोसरीत चौथ्या मजल्यावर राहते. गुडघे गेलेत, दात डबीत असतात. अक्षर मला अजून येत नाही, मी बोलते आणि सून लिहिते. तिला म्हटलं, बोलते तसंच लिही, तर म्हणते, "अहो आई, तसं लिहिलं तर वर कुणाला वाचता यायचं नाही." म्हणून शुद्ध लिहितेय बिचारी. तुलाही वाचता येत नव्हतं, हे तिला मी आत्ता या ओळीपर्यंत सांगितलं नव्हतं.

तर झालं असं, की माझ्या नातीनं पोर्तुगालचा नवरा केला. चाकणकडच्या एका कंपनीत दोघं एकत्र कामाला, तिथंच जमलं. मी आधी दोन दिवस तोंड फिरवून बसले, मग त्यानं माझ्या हातचं पिठलं तीनदा मागून घेतलं, आणि मी तोंड सरळ केलं. माणूस गरीब आहे गं स्वभावानं. त्याच्या घरून वाळवलेला मासा येतो, तेवढा दिवस मी गॅलरीत बसते. आता त्यांना मुलगी झाली. बाळंतीण आमच्याकडेच आहे, परवा बारसं. बाळाची आत्या तिकडे समुद्रापलीकडे, ती फोनमधून बघणार. म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान मला दिलाय. मान कसला, फास आहे.

मागच्या आठवड्यात नातजावई फोन घेऊन माझ्या शेजारी बसला. त्यांच्याकडची मुलींची नावं वाचून दाखवायला लागला, आणि नात अर्थ सांगायला. इनेश म्हणजे निर्मळ. बियात्रीश म्हणजे आनंद देणारी. एश्त्रेला म्हणजे चांदणी, औरोरा म्हणजे पहाट. मी मान हलवतेय, बाजारात वांगी निवडावीत तशी. मग आलं दोरेश. नात म्हणाली, "वेदना." मी म्हटलं, "पोरीचं नाव वेदना? आणि आमच्या गावात नकुशी नाव ठेवलं तर तुम्ही शहाणे लोक आम्हाला हसता." तो हसला नाही. त्याच्या आजीचं नाव होतं ते. त्यांच्या देवमाईच्या दुःखावरून ठेवतात म्हणे. आजी गेली तरी नाव घरात आहे, त्याच्या बहिणीला तेच लावलंय. त्यांच्यात पोरीला दोन नावं देतात. पहिलं कुठलंही आवडीचं, पण दुसरं त्याला आमच्या घरातल्या सगळ्यात जुन्या बाईचं हवं होतं.

"तुमचं ठेवू, आजी?"

"मी मेले का रे अजून? जित्या माणसाचं नाव ठेवत नाहीत आमच्यात."

"मग तुमची आईचं नाव?"

आये, सगळी बिल्डिंग माझ्या तोंडाला भिते. त्या दिवशी ते तोंड उघडं राहिलं. मला तुझं नाव माहीत नाही.

कसं माहीत असणार, असं म्हणून मी स्वतःला किती समजावलं. बाप तुला हाक मारायचा ती "ऐकलं का" अशी. आजी म्हणायची "अगं ए". गावात तू निघोजकरीण, माहेर निघोज्याचं म्हणून. आम्हाला तू आये. माझ्या नावापुढे आधी बापाचं लागलं, मग नवऱ्याचं, तुझं कुणी विचारलंच नाही. एकदा मी विचारलं होतं. तू पीठ मळत होतीस, मी म्हटलं, "आये, तुजं नाव काय गं?" तू परातीतून मान वर न करता म्हणालीस, "आईला कुटं नाव असतंय का? जा, सरपान आन." मी सरपण आणायला गेले, आणि ते खरं मानून बसले.

पण खरं नव्हतं ते. मामा आला होता ना एकदा, निघोज्याहून पायी, खांद्यावर शेंगांचं गाठोडं घेऊन. अंगणात उभा राहून त्यानं तुला नावानं हाक मारली. मी दारातच होते. तू आतून धावत आलीस, कोपरापर्यंत पीठ, पदर कुठे, भान कुठे. आणि तुझं तोंड बघून मला वाटलं, ही कोण मुलगी आली आमच्या घरातून? ते तोंड मला आत्ताही दिसतंय. तू हसतेस, तुझे दात दिसतात, घरात कधी दिसायचे नाहीत. सगळं दिसतंय, नाव तेवढं ऐकू येत नाही. कारण माझा सगळा जीव शेंगांच्या गाठोड्यात होता.

तर जावई वाट बघतोय, नात बघतेय. मी म्हटलं, "आमच्यात आईचं नाव बारशाआधी उच्चारत नाहीत. त्या दिवशी बाळाच्या कानातच सांगेन." अशी रीत कुठेच नाही. सून तिथेच मेथी निवडत होती, तिचे हात थांबले, मग तिनं पुढची जुडी ओढली. जावई म्हणाला, "अर्थ तरी सांगा." मघाशी ऐकलेलं एकच डोक्यात होतं, आणि तू उठायचीसही कोंबड्याच्या आधी. मी म्हटलं, "पहाट." तो उभाच राहिला आनंदानं. दोन्हीकडची पहाट जुळली म्हणून पोरीचं पहिलं नाव औरोरा ठरलं. आता ती जन्मभर माझ्या खोट्याचं नाव लावणार, आणि दुसरं माझ्या तोंडून निघायची सगळे वाट बघणार.

तुझं माहेर आता ओळखू येत नाही म्हणतात. शेतं गेली, कंपन्या आल्या. माझा नातजावई रोज तुझ्या गावावरून शिफ्टला जातो, बघ. मामा गेला, त्याची मुलं जमीन विकून कुठे गेली पत्ता नाही. पण गावठाणात जुनी घरं आहेत अजून. एखादी म्हातारी असेल, जिला तिच्या आईनं तुझ्याबद्दल सांगितलं असेल. रिक्षा केली तर मी जाऊन विचारू शकते. आठवडाभर रोज लुगडं बदलते आणि परत कॉटवर बसते. जाऊन म्हणू काय? माझ्या आईचं नाव काय होतं? ही वेळ झाली का विचारायची, या वयात?

त्यापेक्षा मी डोळे मिटून तुझ्या वेळच्या बायकांची आठवतील ती नावं घेते. एकेका नावानं तुला हाक मारून बघते. तू एकालाही वळत नाहीस.

सूनबाई, हे कुठे टाकायचं नाही. पाकिटावर काय लिहिशील? पण हरभरे आजच भिजत घाल. घुगऱ्या बारसं झाल्यावर वाटतात, ते मला शिकवू नकोस. या वेळी आधी कर. उद्या सकाळी जावयाच्या गाडीतून मोठा डबा भरून निघोज्याला पाठव, वर थोड्या भाजलेल्या शेंगा घाल. तू स्वतः जा. गावठाणात दारात जी म्हातारी बसलेली दिसेल, तिच्या पदरात घाल. कुणाच्या बारशाच्या म्हणून विचारलं तर सांग, तुमच्याच गावातून दिघीला दिलेल्या एका लेकीच्या. आणि तिचं नाव विचारलं, तर म्हणावं, ते तुम्हीच सांगा.