या नावाची बाई इथे राहत नाही

माय, तुझं माहेरचं नाव मला ऑफिसात कळलं. घरात ते कधी कुणी घेतलंच नाही. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि तेव्हापासून तू त्याच नावाची. मी आता गोंदियाला सरकारी दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसते. काविळीचा एक प्रकार आहे, सी म्हणतात. वर्षानुवर्षं रक्तात गुपचूप राहतो आणि लिव्हर नासवतो. त्यावर फुकट गोळ्या मिळतात, काही महिन्यांत माणूस बरा होतो. जिल्ह्यातून हा आजारच संपवायचा आहे, म्हणून तपासणीत सापडलेला पण गोळ्या सुरू न केलेला एकेक माणूस आम्ही शोधतो. माझा स्वभाव तुला माहीतच आहे. "हिले देवाचा प्रसाद देला तरी हुंगून पाहील," म्हणायचीस. या कामाला तोच लागतो. बायका माहेरी एका नावानं तपासलेल्या, सासरी दुसऱ्याच नावानं औषध घेतलेल्या. मी नावावर विश्वास ठेवत नाही. गाव, वय आणि फोन नंबर बघते.

मागच्या महिन्यात जुन्या नोंदी जुळवताना सडक अर्जुनी तालुक्यातली, आपल्याच गावची एक बाई निघाली. नाव कधी न ऐकलेलं. आपल्या गावात मला ठाऊक नाही अशी बाई कोण, म्हणून तिचा नंबर माझ्या मोबाइलवर लावला, तर पडद्यावर 'मामा' आलं. नोंदीपुढे शेरा होता: घरी जाऊन विचारले, या नावाची बाई इथे राहत नाही असे घरातील पुरुषाने सांगितले.

मामानं सगळं सरळ सांगितलं. "डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिले मीच नेलो होतो. आधी रक्त तपासलं. नाव इचारलं त मी लहानपणचंच सांगलो, हाक बाई मनूनच मारतो, पण नाव मनलं का तेच तोंडी येते. मंग फोन आला, रक्तात काही निघालं मनून. मी मनलो, तिच्या गावी जा."

आपल्या घरात पुरुष एकच. त्या दिवसापासून बाबांचा फोन आला की मी उचलत नाही, तिच्या सासरी ताईला कळवून तिलाच त्यांच्याशी बोलायला लावते. आणि तुझं शेवटचं वर्ष डोळ्यांपुढून हलत नाही. तू चुलीपाशी बसली आहेस, पोट फुगलेलं, डोळे पिवळे. मी विचारते, "माय, काऊन अशी दिसून राहिली?" भाताची पेज ओतता ओतता तू म्हणतेस, "मोठ्यानं नको बोलू, कामाले लाग." बाबा बाहेर बाजेवर, सगळं ऐकत. कावीळ उतरवणाऱ्याकडे ते तुला दोन गावं ओलांडून नेत होते. आणि औषध घेऊन आलेला माणूस त्यांनीच दारातून परत पाठवला होता.

रविवारी मी गावी गेले. चहासुद्धा घेतला नाही. "बाबा, मायचं माहेरचं नाव काय होतं?"

त्यांनी लगेच सांगितलं. अडखळले नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मंग त्या दवाखान्याच्या माणसाले काऊन नाही सांगितलं?"

"तिनंच आतून हात हलवला. नाही मन, असा. तुले पाहाले सौंदडचे पाहुणे येणार होते. खराब रक्ताची माय मनून बोभाटा झाला असता."

"आन् पाहुणे गेल्यावर?"

"मंग तिनं विषय काढला नाही. मीबी नाही."

मेलेल्या माणसाची साक्ष काढायला काय लागतं? तू आता उठून नाही म्हणणार थोडीच. आणि हलवलाच असशील हात, तर तो माशी हाकलायला कशावरून नाही? सौंदडच्या त्याच घरात मी नांदते, माय. इथे तुझ्या आजाराबद्दल कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. सासूबाईंना परवा मुद्दाम विचारलं, "माझ्या मायले असं काही आहे कळलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "तर औषध घ्या म्हटलं असतं. तुले का झालं आज?" त्यांचाही मला भरवसा नाही. आता बोलायला काय जातं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक कबूल करते. बाबा खोटं बोलत असावेत अशीच माझी इच्छा आहे. म्हाताऱ्यावर रागावून जन्म काढता येईल. पण तू खरंच हात हलवला असशील, तर तो माझ्यासाठी हलवलास, आणि ते मला सोसत नाही.