देवीच्या राईचा कौल

१२ मे २००४

तीर्थस्वरूप पिराजी दाजी यांच्या पायी धाकटा मेव्हणा केरबा गुरव याचा दंडवत. आक्काचे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का? इकडे सर्व खुशाल असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तसं लिहितो.

दाजी, देवीचं नवं देऊळ तुम्ही अजून पाहिलं नाहीत (आमंत्रण उशिरा पोचलं हे कबूल, पण जेवणं तीन दिवस चालली होती). राई तोडली, त्या लाकडाच्या पैशावर स्लॅब पडला. झाडं होती तिथे आता चकचकीत फरशी आहे. उन्हानं ती इतकी तापते की म्हाताऱ्या बायकासुद्धा पळत प्रदक्षिणा घालतात. आमचे कमिटीचे अध्यक्ष हंबीरराव परवा नवसाचं लोटांगण घालायला गेले (त्यांचं वजन तुम्हाला ठाऊक आहे), आणि अर्ध्या फेरीतच उठून, उरलेला नवस देवीनं पदरात घ्यावा म्हणाले. देवीला पंखा बसवलाय. वीज गेली की मी पुठ्ठ्यानं वारा घालतो.

राईखालचा झरा बहात्तरच्या दुष्काळातही आटला नव्हता, तो यंदा होळीलाच आटला. टीव्हीवर सांगतात, साऱ्या पृथ्वीचं हवामान बिघडलंय. हंबीररावांना तेवढंच पुरलं. "अवो गुरव, समदं जगच तापलंय, त्येला आमची कमिटी काय करनार?" मग कमिटीनं पावसासाठी अभिषेक ठरवला. त्याला पाणी कुठलं, तर टँकरचं. बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या, आणि निम्मा टँकर मी माझ्या हातानं देवीवर ओतला. माझी चिमणाबाई रिकामी घागर घेऊन घरी गेली. मला रडू आलं, दाजी. आता पुन्हा झाडं लावायची असंही ठरलंय, पण फरशी कुणी उचलू देईना, म्हणून रंगाच्या डब्यांत वड लावलेत.

आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
केरबा

ता. क. येत्या अवसेला तुमच्या गावातही राई तोडण्यासाठी देवाला कौल लावणार असं कळलं. मूर्तीला पाकळी चिकटवायचा मान तुमचाच. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे मी तुम्हाला काय सांगावं?

आणखी एक. आमच्या वेळी पाकळी डावीकडे पडली होती. पंच दारात बोलत उभे होते, पाहिलं फक्त मी. ती उचलून मी तोंडात टाकली, गिळली आणि दुसरी चिकटवली, ती उजवीकडे पडली. नव्या देवळात गुरवाला पक्की खोली मिळणार होती. हे पत्र त्याच खोलीत बसून लिहितोय.

तुमची पाकळी डावीकडे पडली तर तशीच राहू द्या. उजवीकडे पडली तर कुऱ्हाड लागायच्या आत निरोप धाडा. मी येतो आणि तुमच्या गावापुढे उभा राहून माझं सांगतो. चिमणाबाईला मात्र त्याआधी सांगावं लागेल.